विकणे नाही

२०१० साली फेसबुकला आपल्या नावाची दोन आद्याक्षरे हवीशी वाटली. मोठा पत्ता ग्राहकांच्या टपालासाठी द्यायचा आणि कर्मचाऱ्यांसाठी एक आटोपशीर पत्ता घ्यायचा, असा बेत होता. चौकशी केली तेव्हा कळले की एफबी डॉट कॉम कधीच गेलेले आहे, आणि तेही कुणा चलाख दलालाकडे नव्हे, तर ‘अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन’ या शेतकऱ्यांच्या संघटनेकडे. संघटनेने पत्ता दिला आणि जानेवारी २०११च्या आपल्या अधिवेशनात मिळालेला आकडाही सांगून टाकला : ८५ लाख डॉलर. शेतकऱ्याच्या कुठल्याही दोन नगांना आजवर एवढा भाव मिळाला नसेल. पेरणी नाही, फवारणी नाही, अवकाळीची धास्ती नाही, आणि आडत, हमाली, तोलाई यांपैकी काहीच कापले गेले नाही. संघटना एफबी डॉट ऑर्ग या शेजारच्या पत्त्यावर नांदत राहिली आणि तिचे काडीचेही अडले नाही.

डोमेन नावे स्वस्तात घेऊन महाग विकणाऱ्यांची एक जमातच जगभर आहे. ती स्वतःला ‘डोमेनर’ म्हणवते आणि असे आकडे ऐकले की तिला रात्रभर झोप लागत नाही. पण या आकड्यांकडे जरा बारकाईने पाहिले तर एक गमतीची गोष्ट लक्षात येते. मोठमोठे सौदे ज्यांच्या पदरात पडले त्यांतले पुष्कळजण या धंद्यात नव्हतेच. टेस्ला डॉट कॉम हे नाव १९९२पासून एका गृहस्थाकडे होते. तेव्हा विजेच्या मोटारींची ती कंपनी जन्माला यायची होती. ते मिळवायला दहा वर्षांहून अधिक काळ आणि १ कोटी १० लाख डॉलर लागले, असे इलॉन मस्क यांनीच सांगितले आहे. तोवर त्यांच्या कंपनीने ‘टेस्ला मोटर्स’ अशा लांबलचक पत्त्यावर दिवस काढले. व्हॉइस डॉट कॉम २०१९मध्ये ३ कोटी डॉलरला गेले. विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी ही सॉफ्टवेअरची कंपनी. थ्री-सिक्स्टी डॉट कॉम एका चिनी कंपनीने २०१५मध्ये घेतले ते व्होडाफोनकडून. म्हणजे शेतकरी, कुणी एक गृहस्थ, सॉफ्टवेअरवाले आणि टेलिफोनवाले. पैसा असा भलत्यांच्याच दारी जातो आणि धंदेवाईक मंडळी नूतनीकरणाची बिले भरत बसतात. हा निव्वळ योगायोग नव्हे. या धंद्याची घडणच अशी आहे की विकायला बसलेल्याला गिऱ्हाईक मिळत नाही आणि ज्याला विकायचे नाही त्याच्या दारात गिऱ्हाईक थैली घेऊन उभे राहते.

याचे कारण समजून घ्यायचे तर माल काय आहे ते पाहावे लागेल. डोमेनर आपल्या धंद्याला जमिनीची उपमा देतात. त्यांचे म्हणणे, हायवे व्हायच्या आधी माळावरचे प्लॉट घेऊन ठेवण्यासारखेच हे आहे. उपमा त्यांच्या सोयीची आहे, पण सातबारा उघडला की ती कोसळते. जमीन एकदा नावावर झाली की झाली. डोमेन नावावर होते ते फार तर दहा वर्षांसाठी, आणि दरवर्षी भाडे भरत राहावे लागते. एका वर्षी भरायचे राहिले तर थोडी मुदत मिळते, मग सोडवून घेण्यासाठी दंडासकट तीस दिवस, मग शेवटचे पाच दिवस. त्यानंतर नाव मोकळे होते आणि त्या क्षणासाठी टपून बसलेली यंत्रे ते सेकंदाच्या आत उचलतात. दुसरे म्हणजे माळावरचा प्लॉट नाहीच विकला गेला तरी त्यावर बाजरी पेरता येते, निदान शेळी बांधता येते. न विकल्या गेलेल्या डोमेनवर काय करणार? पूर्वी त्यावर जाहिरातींचे पान लावून ठेवत. चुकून येऊन पडलेला माणूस चुकूनच एखाद्या जाहिरातीवर बोट ठेवी आणि मालकाला काही पैसे सुटत. चुकणाऱ्यांच्या चुकांवर चालणारा हा बहुधा एकमेव जोडधंदा असावा. आता माणसे पत्ता टाइप करण्यापेक्षा शोधयंत्राला विचारतात, त्यामुळे चुकायलाही फारसे कुणी येत नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. १९९५पर्यंत ही नावे फुकट मिळत. जगातले पहिले डॉट कॉम १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले, त्यानंतर दहा वर्षे हा माल फुकट वाटला जात होता आणि मोठमोठ्या कंपन्यांना त्याची गंधवार्ता नव्हती. १९९४मध्ये जोशुआ क्विटनर या पत्रकाराने ‘वायर्ड’ मासिकासाठी लिहिताना मॅकडोनाल्ड्सला विचारून पाहिले की तुमच्या नावाचा पत्ता तुम्हाला नको का. कुणी दाद दिली नाही, तेव्हा त्याने तो स्वतःच्या नावावर करून टाकला आणि याचे आता काय करू, असे वाचकांनाच विचारले. शेवटी कंपनीला जाग आली. क्विटनरने स्वतःसाठी एक बर्गरही मागितला नाही, न्यूयॉर्कमधल्या एका शाळेला संगणकांसाठी मदत करा म्हणाला. साडेतीन हजार डॉलरमध्ये प्रकरण मिटले. पुढे आले त्यांना शाळांविषयी एवढा जिव्हाळा नव्हता. कंपन्यांची नावे धडाधड नोंदवून त्यांच्याकडेच पैसे मागायचा उद्योग सुरू झाला, आणि १९९९मध्ये त्यावर दोन औषधे आली : अमेरिकेचा कायदा आणि या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेची तंटा-निवारणाची पद्धत. या पद्धतीत दुष्ट हेतूची जी लक्षणे दिली आहेत त्यांत पहिलेच असे, की व्यापारचिन्हाच्या मालकालाच खर्चापेक्षा अधिक किमतीला विकण्याच्या मुख्य उद्देशाने नाव घेतलेले असणे. जरा विचार करा. ज्या गिऱ्हाइकाला तो माल सर्वांत जास्त हवा आहे, त्यालाच तो नफ्याने विकायची इच्छा धरणे हाच पुरावा! असा कायदा भाजी मंडईला लावला तर संध्याकाळपर्यंत सगळे गाळे रिकामे होतील.

याचे सर्वांत करुण उदाहरण कॅनडातल्या माइक रो या सतरा वर्षांच्या मुलाचे. स्वतःच्या नावापुढे ‘सॉफ्ट’ जोडून त्याने संकेतस्थळ काढले, आणि उच्चार ऐकून मायक्रोसॉफ्टचे वकील धावत आले. आधी त्यांनी दहा डॉलर देऊ केले, म्हणजे नोंदणीचा खर्च. दहा डॉलर ही थट्टाच आहे असे समजून मुलाने दहा हजार मागितले. झाले! त्याने आकडा उच्चारताच वकिलांच्या पत्रात त्याचे रूपांतर पोराच्या मुळातल्या लबाडीत झाले. सुदैवाने वर्तमानपत्रांनी मुलाची बाजू घेतली आणि २००४च्या जानेवारीत कंपनीने नमते घेत त्याला खेळाचे यंत्र वगैरे देऊन तडजोड केली. दहा डॉलर मागितले असते तर दहा मिळाले असते, दहा हजार मागितले तर नोटीस मिळाली, आणि तोंड मिटून बसला असता तर काय मिळाले असते हे कळायला मार्ग नाही. फार्म ब्युरोचा अनुभव मात्र तोंड मिटण्याच्या बाजूने आहे.

आपल्याकडची न्यायालयेही या बाबतीत मागे नाहीत. याहूच्या नावापुढे ‘इंडिया’ जोडून पत्ता घेणाऱ्याला दिल्ली उच्च न्यायालयाने १९९९मध्ये रोखले. मुंबई उच्च न्यायालयात रेडिफ विरुद्ध रॅडिफ असा सामना झाला. रॅडिफवाल्यांचे म्हणणे असे, की आम्ही रेडिफची नक्कल मुळीच केलेली नाही, ‘रॅडिकल’, ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’ आणि ‘फ्री’ या चार शब्दांतली अक्षरे उचलून आमचे नाव सिद्ध झाले आहे. न्यायालयाला ही सिद्धी पटली नाही. २००४मध्ये सिफी विरुद्ध सिफ्फी हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे दुसऱ्या बाजूने सांगितले की हे तर आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे जोडून बनले आहे. न्यायमूर्तींना हेही पटले नाही. शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काचार्यांच्या काळानंतर निरुक्ताची एवढी सेवा कुणी केली नसेल. इतके बुद्धिमान लोक सरळ मार्गाने काय काय करू शकले असते, हा प्रश्न अलाहिदा. खुद्द अरुण जेटली यांना स्वतःचे नाव मिळवण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि २०११मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना मिळवून दिले. देशातल्या नामांकित वकिलाला जिथे एवढा खटाटोप, तिथे बाकीच्यांनी आपले नाव फार प्रसिद्ध होऊ देऊ नये हेच बरे.

भविष्य अचूक ओळखले तरी निभाव लागत नाही, हे २०२४च्या ऑक्टोबरमध्ये साऱ्या देशाने पाहिले. दिल्लीच्या एका सॉफ्टवेअरवाल्या तरुणाने रिलायन्स आणि हॉटस्टार कधीतरी एकत्र येतील असा अंदाज बांधला. जिओने सावन घेतले तेव्हा त्याचे जिओसावन झाले, तेव्हा यांचे जिओहॉटस्टार होणार. असे म्हणून त्याने २०२३मध्येच ते नाव घेऊन ठेवले. अंदाज अक्षराक्षराने खरा ठरला. एवढी दूरदृष्टी दलाल स्ट्रीटवरच्या भल्याभल्यांना नसते. मग त्याने त्याच पत्त्यावरच्या पानावर पत्र लिहून केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च मागितला, सुमारे एक कोटी रुपये. रिलायन्सने नकार दिला आणि कायद्याची भाषा केली. नाव पुढे दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांकडे गेले आणि त्यांनी तर ते रिलायन्सला फुकटच देऊ केले. १४ फेब्रुवारी २०२५ला सेवा नेमक्या त्याच नावाने सुरू झाली. आता याच्या शेजारी सन्मय वेद यांची गोष्ट ठेवा. कच्छच्या मांडवीचे हे गृहस्थ २०१५च्या सप्टेंबरात गूगलच्याच दुकानात सहज नावे चाळत होते, तर गूगल डॉट कॉम विक्रीला आहे असे दिसले. बारा डॉलरला ते घेतले आणि मिनिटभर जगातल्या सर्वांत गजबजलेल्या पत्त्याचे धनी झाले. गूगलने घाईघाईने सौदा रद्द केला. त्यांनी कसलीही मागणी केली नाही, तर कंपनीने आपण होऊन ६,००६ डॉलर १३ सेंट देऊ केले. त्यांनी ते दान करायचे ठरवले, तर कंपनीने रक्कम दुप्पट केली. मागणाऱ्याला नोटीस आणि नको म्हणणाऱ्याला दुप्पट, असा या व्यापाराचा दर आहे.

यावर डोमेनर म्हणतील की आमच्यातही कोट्यधीश आहेत. आहेत, नाही कशाला म्हणा. बिझनेस डॉट कॉम हे नाव १९९७मध्ये दीड लाख डॉलरला घेणाऱ्याने १९९९मध्ये ते ७५ लाखांना विकले. हा सौदा चोख धंद्याचा होता आणि माझ्या म्हणण्यात तो बसत नाही, हे कबूल. बचावादाखल एवढेच सांगता येईल की १९९९ साली कॅलिफोर्नियात कुणीही कशालाही कितीही देत होते. पुढे २००७मध्ये ज्या कंपनीने हे नाव चालत्या धंद्यासकट सुमारे ३४.५ कोटी डॉलरला घेतले तिने २००९मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, पण त्यात विकणाऱ्याचा काय दोष? दुसरे उदाहरण या जमातीत राजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रिक श्वार्ट्झ यांचे. त्यांनी १९९७मध्ये ४२ हजार डॉलरला घेतलेले एक नाव २०१५मध्ये ८८ लाख ८८ हजार ८८८ डॉलरला गेले. (मासिक घरात सगळेच वाचतात, म्हणून ते नाव इथे छापत नाही.) हा आकडा मात्र माझ्याच बाजूने साक्ष देतो. श्वार्ट्झ यांनी अठरा वर्षे केले काय? आलेल्या गिऱ्हाइकांना नाही म्हटले. मुरलेला डोमेनर आणि फार्म ब्युरो यांच्यात फरक इतकाच, की ब्युरो खरोखर विकत नव्हता आणि श्वार्ट्झ विकत नसल्याचा रियाज करत होते. अठरा वर्षे नाही म्हणायला लागणारे पैसे आणि स्वभाव ज्याच्याकडे आहे, तो दुसऱ्या कुठल्याही धंद्यात उपाशी राहिला नसता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अर्थशास्त्र शिकलेली मंडळी म्हणतात की मध्यस्थ आहे म्हणून नाव योग्य माणसाच्या हाती पोचते, जो सर्वांत जास्त देतो त्यालाच त्याचा सर्वांत जास्त उपयोग. असे असते तर बरे झाले असते. व्हेकेशन रेंटल्स डॉट कॉम २००७मध्ये ३.५ कोटी डॉलरला विकले गेले. घेणाऱ्या होमअवे कंपनीला ते मुळात नकोच होते. प्रतिस्पर्धी एक्सपीडियाच्या हाती पडू नये, एवढ्यासाठी घेतले, असे तिच्या प्रमुखांनी नंतर मोकळेपणाने सांगितले. उपयोग तर दूरच, दुसऱ्याला उपयोग होऊ नये याचेच हे साडेतीन कोटी! योग्य हातांचे म्हणाल तर उझी निसान यांचे उदाहरण पाहा. आडनावच निसान, संगणकांचे छोटे दुकान, १९९४मध्ये आडनावाचा पत्ता घेतलेला. मोटार कंपनीने १९९९मध्ये त्यांच्यावर एक कोटी डॉलरचा दावा लावला. ते वर्षानुवर्षे लढले, नाव राखले आणि २०२०मध्ये कोविडने गेले. न विकणाऱ्याला पैसा मिळतोच, या माझ्या सिद्धांताला इथे तडा जातो, हे मान्य केले पाहिजे. निसान यांना पत्ता राखता आला, आणि त्याचे भाडे वकिलांना मिळाले.

राहता राहिले संख्येच्या जोरावर धंदा करणारे. दहा हजार नावे घ्यायची, त्यांतली शंभर विकली गेली तरी बस्स, असा त्यांचा हिशेब. माइक मान नावाच्या अमेरिकन डोमेनरने २०१२मध्ये चोवीस तासांत १४,९६२ नावे नोंदवली. २०२५च्या १०.२६ डॉलरच्या घाऊक दराने फक्त या एका दिवसाच्या खरेदीचे वर्षाचे भाडे दीड लाख डॉलरवर जाते, आणि ते दर वर्षी भरायचे असते, नाव खपो वा न खपो. डॉट कॉमची नावे पंधरा कोटींहून जास्त आहेत आणि प्रत्येक नावामागे हा घाऊक दर व्हेरिसाइन नावाची एकच कंपनी घेते. तिला कुणाचे भविष्य ओळखावे लागत नाही, घासाघीस करावी लागत नाही, न्यायालयात व्युत्पत्ती सांगावी लागत नाही. जगभरच्या डोमेनरांच्या आशेची घाऊक विक्री एवढेच तिचे काम आहे. विकल्या गेलेल्या नावांच्या याद्या दर आठवड्याला निघतात आणि हौशी माणूस त्या वाचून आणखी पाच नावे घेतो. न विकल्या गेलेल्या नावांची यादी कुणी काढत नाही. एक तर तेवढा कागद नाही, आणि ती वाचून कुणी काही विकतही घेणार नाही.

गिऱ्हाईक ओढून आणायचे कसब असते तर एखाद्या धूर्त माणसाने देवनागरीकडे नक्कीच मोर्चा वळवला असता. २०१४च्या ऑगस्टमध्ये ‘डॉट भारत’ सुरू झाले, ते हिंदीबरोबर मराठी आणि कोकणीसाठीही. मिसळ डॉट भारत, पैठणी डॉट भारत, हापूस डॉट भारत अशी सोन्यासारखी नावे देवनागरीत घेता येतात. तरीही विक्रमी सौद्यांच्या यादीत एकही देवनागरी नाव सापडत नाही. कारण उघड आहे. आपला मराठी दुकानदार पाटीवर मराठी लिहितो तेही महापालिकेच्या नोटिशीनंतर, तो पत्त्यासाठी कोटी कुठून मोजणार! सट्टेबाज कुठे फिरकत नाहीत यावरूनही एखाद्या भाषेची बाजारातली पत कळते. हे वाचून मराठीचे अभिमानी चिडतील, पण त्यांनी आधी आपल्या ईमेलचा पत्ता पाहावा.

उलट अँग्विला पाहा. कॅरिबियन समुद्रातले जेमतेम पंधरा-सोळा हजार वस्तीचे बेट. देशांना दोन अक्षरी संकेत वाटले जात होते तेव्हा त्याच्या वाट्याला ‘एआय’ आले. कुणी मागितले नव्हते, कुणी बोली लावली नव्हती. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि २०२३ या एका वर्षात त्या दोन अक्षरांनी सरकारला सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळवून दिले, म्हणजे सरकारी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. या बेटाच्या एकाही मंत्र्याने १९९५ साली कृत्रिम बुद्धिमत्तेवर भाषण केले असेल असे वाटत नाही, आणि केले असते तर कदाचित तंटा-निवारणवाल्यांनी त्यातून हेतू शोधून काढला असता.

तेव्हा या धंद्यात हमखास यश हवे असेल तर पात्रता अशी दिसते. नाव आपल्या खऱ्याखुऱ्या कामासाठी घेतलेले असावे, ते काम अगदीच साधे असावे, नाव विकण्याचा विचार स्वप्नातही आलेला नसावा, आणि पुढे वीसेक वर्षांनी कुणा धनाढ्याला त्याचा हव्यास सुटावा तोवर मालकाने नूतनीकरण न चुकता करत राहावे, पण ते का करतो आहे हे त्याला स्वतःलाही माहीत नसावे. आपल्या किराणा दुकानाच्या, पतपेढीच्या किंवा भजनी मंडळाच्या नावाने कुणी पत्ता घेऊन ठेवला असेल तर तो आजवर या पात्रतेत बसत होता. दुर्दैवाने त्याने हा लेख इथवर वाचला असल्यामुळे त्याचा हेतू आता शुद्ध राहिलेला नाही.